मागचे दोन स्पीकर

रुपरावांना आपल्या कानांचा भारी गर्व होता. त्यांची अख्खी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात, टर्बाईनच्या मजल्यावर गेली. मशीन कुठं दुखतंय हे नुसत्या आवाजावरून सांगणारा माणूस, असं तिथं त्यांचं नाव होतं. कानात घालायचे बोळे मिळायचे, पण ते खिशातच राहायचे. "बोळे घालून मशीन आयकू येते काय गा?" असं ते नव्या पोरांना विचारत, आणि मग पोरांचेही बोळे खिशात जात. कॉलनीच्या गणपतीत भोंगे कोणत्या खांबाला बांधायचे आणि आवाज किती ठेवायचा, हा निर्णय रुपरावांचा. निवृत्त होऊन हुडकेश्वरला घर बांधलं, तरी मिरवायची सवय काही सुटली नाही.

घरात मात्र त्यांच्या दोन तक्रारी कायमच्या होत्या. एक, बायको तोंडातल्या तोंडात पुटपुटते. "मोठ्यानं बोल ना वं, घास अटकला काय?" असं ते गोपिकाबाईंना दिवसातून कितीदा तरी म्हणत. दुसरी तक्रार हुडकेश्वरची. प्लॉट पडले, सिमेंटचे रस्ते झाले आणि इथले रातकिडे पार संपले, हे ते येईल त्याला ऐकवत. गोपिकाबाई शेजारी बसून मान डोलावत.

मुलगा सुशील बुटीबोरीला नोकरीला होता. त्यानं हौसेनं होम थिएटर आणलं, तेव्हा ते लावण्याचा मान कुणाचा हे कुणी विचारलंसुद्धा नाही. रविवारी सकाळीच रुपराव ड्रिल मशीन घेऊन स्टुलावर चढले. टीव्हीच्या दोन बाजूंना दोन मोठे स्पीकर, कोपऱ्यात धमधम करणारा डबा, आणि सोफ्याच्या मागच्या भिंतीवर दोन छोटे. वायर पट्टीत अशी बसवली की बोट फिरवलं तरी लागू नये. त्याच दिवशी सुनेचे, म्हणजे वैभवीचे, वडील बाबाराव काटोलकडून तुरीच्या शेंगा घेऊन आले होते. व्याही बघायला बसलेत म्हटल्यावर रुपरावांना आणखीच चेव आला.

खोक्यात एक छोटासा माईक निघाला. सुशील म्हणाला, "बाबा, हा सोफ्यावर ठेवायचा. मग मशीन आपोआप सगळ्या स्पीकरचा आवाज जुळवते."

"माहे कान काय भाड्यानं देले काय? ठेव तो खोक्यात."

सुशीलनं माईक ठेवून दिला आणि मोबाईलवरून तपासणीचा आवाज लावला. जंगलातली रात्र होती. समोरून वाघ गुरगुरला, डब्यातून जमीन हादरल्यासारखी झाली, आणि रुपरावांनी बाबारावांकडे ऐटीत पाहिलं. मग सुशील म्हणाला, "आता मागचे." रुपराव कान देऊन बसले. मागून काहीच आलं नाही.

"आवाज वाढव."

सुशीलनं वाढवला.

"आणखी वाढव. मुके आहेत हे दोन्ही." आणि मग त्यांना परवाची गोष्ट आठवली. दिवाणावरून हलवताना मागच्या स्पीकरचं खोकं वैभवीच्या हातून निसटलं होतं. "तरी म्हटलं होतं मी! खोकं आपटलं ना हिनं. हजारदा सांगा, सामानाले जीव लावा म्हणून. पण इथं कोणाले फिकीर आहे?"

हे सगळं बाबारावांच्या समोर. वैभवीचा चेहरा उतरला. तिनं सासूकडे पाहिलं, सासूनं खाली पाहिलं. मग वैभवी मोठ्यानं आणि सावकाश म्हणाली, "हो बाबा. माझ्याच हातून पडलं. चुकलं माझं."

बाबाराव उठून उभे राहिले. गरीब स्वभावाचा माणूस. त्यांनी चक्क हात जोडले. "रुपरावजी, लेकराची चूक झाली. दोन्ही काढून द्या मले. जातानी दुकानात दाखवतो, लागले तर नवे आणून देतो."

"काढून देतो," म्हणत रुपराव पुन्हा स्टुलावर चढले. आवाज अजून बंद केलेला नव्हता. त्यांनी एका स्पीकरच्या जाळीवर बोटं टेकवली, टर्बाईनच्या अंगावर टेकवायचे तशीच, सवयीनं. बोटांना बारीक थरथर लागली. त्यांनी दुसऱ्यावर हात ठेवला. तोही थरथरत होता.

त्यांनी मान वळवली. नात अदिती दारात दोन्ही कान गच्च दाबून उभी होती. सुशील कपाळाला आठ्या घालून मोबाईलकडे बघत होता. बाबारावांनाही आवाज सोसवत नव्हता, पण व्याह्याच्या घरी बोलायचं कसं म्हणून ते गप्प होते. खोलीभर काहीतरी भरून वाहत होतं आणि ते एकट्या रुपरावांपर्यंत पोचत नव्हतं.

लाज म्हणजे काय ते रुपरावांना त्या स्टुलावर कळलं. गप्प बसलं असतं तर चाललं असतं. व्याही दोन धडधाकट स्पीकर पिशवीत घालून घेऊन गेला असता आणि दोष वैभवीच्या माथी कायमचा बसला असता. क्षणभर, खोटं कशाला बोला, हा विचार त्यांच्या मनात आलाही. त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

"बाबाराव, बसा तुमी," ते म्हणाले. "स्पीकर चांगले आहेत. मलेच आयकू येत नाही." आपला आवाज केवढा निघाला याचा त्यांना अंदाज आला नाही. पण अदिती दचकली, त्यावरून मोठाच निघाला असावा.

सुशीलनं घाईनं मागच्या स्पीकरमधला रातकिड्यांचा आवाज बंद केला. रुपराव उतरले, सुनेसमोर उभे राहिले, आणि वर बघायची त्यांची हिंमत झाली नाही. "तुले येत होतं ना आयकू? मग काहून घेतलं अंगावर?"

वैभवीचे डोळे भरले. "आईंनी सांगून ठेवलंय, बाबांले चारचौघांत खाली पाहायले लावायचं नाही."

खोक्यातला माईक निघाला. सुशीलनं तो सोफ्यावर, रुपरावांच्या जागेवर ठेवला आणि सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. रुपराव अंगणात जाऊन खुर्चीवर बसले. थोड्या वेळानं गोपिकाबाई आल्या आणि नेहमीसारख्या त्यांच्या उजव्या हाताला बसल्या. त्या कायम उजव्याच बाजूला का बसतात, हे रुपरावांनी कधी विचारलं नव्हतं.

"गोपिका, आपल्या इथं रातकिडे आहेत काय वं अजून?"

गोपिकाबाई त्यांच्या उजव्या कानाशी वाकल्या.

"रोज वरडतात," त्या म्हणाल्या. "तुमी नाही म्हणत होते, म्हणून मीबी नाहीच म्हणत आली."