फुकट डिलिव्हरीचा ड्रम

नव्या प्लास्टिकचा वास आला की मला मुकुंदवाडीतला तो दुष्काळ आठवतो. टँकर चौथ्या दिवशी यायचा आणि आमचा ड्रम फुटलेला. दुकानात मिळंना, म्हणून सुनेनं मोबाईलवर शोधला, तर ड्रमाच्या किमतीएवढंच आणायचं भाडं. ती म्हणली, "आत्या, दोन घेतले तर डिलिव्हरी फुकट." घेतले दोन. टँकरवाला म्हणला, "घरटी एकच भरीन." दुसरा दारातच कोरडा उभा, घरात जागा नाय, परत पाठवावा तर पुन्हा भाडं. शेजारीण म्हणायची, "तुमचं बरंय मावशी, दोन-दोन ड्रम पाणी." मी कोरड्या ड्रमाचं झाकण उघडून दाखवायचे, तरी ती बोलायची बंदच झाली. आता नळाला पाणी येतं, त्या ड्रमात गहू असतो, पण दारात कुणी आलं की माझा हात आधी झाकणाकडं जातो.