धाकट्या भावाचं नाव

“अहो दादा, सॉफ्टवेअर कधी कुणाचं नाव खातं का? तुमच्या त्या बाईंना बदला, सगळं सुरळीत होईल,” सर फोनवर हसत म्हणाले.

मी त्यांच्या मागच्याच टेबलावर होते. द्वारका चौकाजवळ टायरच्या दुकानावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. तिथे कुणाचं बोलणं कुणापासून लपत नसे. फोनवरचे दादा म्हणजे सायखेड्याकडचे एक द्राक्ष बागायतदार. त्यांच्या पॅकहाउससाठी, म्हणजे गावची द्राक्षं निवडून पेट्यांत भरायच्या शेडसाठी, आम्ही प्रोग्राम केला होता. माल कुणाच्या बागेतला, मणी किती मोठे, क्रेट किती, हे ब्राउझरमध्ये भरलं की पावती छापून यायची.

ज्या बाईंना बदला म्हणत होते, त्या पॅकहाउसच्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या ताईंच्या शेजारी बसून ते पान कसं भरायचं हे मीच शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे काय, मी इंग्रजी शाळेतली. कुणी ‘एकोणसत्तर’ म्हणालं की माझी मनात वजाबाकी सुरू व्हायची, आणि लोक हसतील म्हणून मी तोंडच उघडत नसे. ताईंनी ते लगेच ओळखलं. “तू नुसतं बोटानं दाखव गं, मला कळतंय,” म्हणाल्या, आणि दुपारी डब्यातली मेथीची भाजी न विचारता माझ्यापुढे सरकवली.

तक्रार अशी होती. दादांकडे माल देणाऱ्या दोन भावांची एक बाग, वाटणी न झालेली. अशा बागेचा माल तिकडे दोघांच्या नावावर घेतात, मध्ये & घालून. पण काही दिवसांपासून पावतीवर एकट्या थोरल्याचं नाव येत होतं. आपल्याला बागेतून काढायची ही सुरुवात आहे, असं धाकट्यानं धरलं. त्यात ताई थोरल्या भावजयीच्या माहेरच्या गावच्या. गावाला आणखी काय हवं?

मला एक गोष्ट खटकत होती. तिकडचं इंटरनेट फारच हळू, म्हणून सरांनी नुकतंच ते पान बदललं होतं. आधी बटण दाबलं की सगळं पान पुन्हा उघडायचं. आता पान त्यांच्याच कॉम्प्युटरवर ठेवलं होतं आणि एक स्क्रिप्ट मागच्या मागे माहिती सर्व्हरला पाठवत होती. तक्रारी त्यानंतरच्या होत्या.

सर जेवायला गेले तेव्हा मी ते पान उघडलं आणि दोन खोटी नावं & घालून भरली. पावतीवर पहिलंच नाव आलं. मण्याच्या आकारात तिकडे लिहितात तसं 18+, म्हणजे अठरा मिलिमीटरच्या वर, असं भरलं. नुसतं 18 आलं.

मग कोड वाचला आणि सगळं लख्ख दिसलं. माहिती पाठवताना सगळे रकाने एका ओळीत जोडतात, आणि दोन रकान्यांमधली भिंत म्हणून & हीच खूण वापरतात. नावातच & आला की सर्व्हरला वाटतं, नाव संपलं, पुढचा रकाना सुरू झाला. + म्हणजे त्याच्या लेखी मोकळी जागा. जुन्या पानात ब्राउझर स्वतःच अशा खुणांचा वेष बदलून, म्हणजे एन्कोडिंग करून, त्या पाठवत होता. स्क्रिप्टनं ओळ जोडायची तर ते काम आपल्याला करावं लागतं. त्यासाठी तयार फंक्शन असतं. सरांनी ते वापरलं नव्हतं. त्यांनी तपासताना abc आणि 16 भरलं असणार, नेहमीसारखं. मी प्रत्येक रकाना त्या फंक्शनमधून काढला. दोन्ही नावं आली, 18+ सुद्धा आलं.

सर परतल्यावर मी स्क्रीन दाखवली. त्यांनी पाहिलं, मान हलवली.

“गुड. उद्या जाऊन फाइल टाकू. पण तिकडे काही बोलायचं नाही हं. आपली चूक आपण कशाला सांगायची? आणि तू तर बोलतच नाहीस, काळजीच नाही!”

मग ताईंचं काय, हे विचारायचं सोडून मी फाइल पेनड्राइव्हवर घेतली. त्या गप्प राहण्याचा मला इतका राग आला, की दुसऱ्या दिवशी सरांच्या गाडीत मी वाटभर वाक्यं जुळवत बसले. आधी इंग्रजीत, मग मराठीत. ‘एन्कोडिंग’ काढून टाकलं. ‘सर्व्हर’ काढून टाकलं. सायखेडा येईपर्यंत अगदी थोडं उरलं होतं, पण ते पक्कं होतं.

पॅकहाउसमध्ये टोप्या घातलेल्या बाया कात्रीनं घड साफ करत होत्या. ताई कॉम्प्युटरपासून लांब, भिंतीला टेकून उभ्या होत्या. धाकटा भाऊ आधीच आलेला. मी खाली मान घालून फाइल टाकली.

“सोमवारपासून दुसरी पोरगी बसंल इथं,” दादा म्हणाले.

“दुसरी बसवा नाय तर तिसरी,” धाकटा म्हणाला. “माझं नाव कुणी काढलं, तेवढं सांगा.”

“टायपिंगची चूक हो,” सर म्हणाले.

“रोज? आन् माझ्याच नावाची? वहिनीच्या माहेराला जागती बाई, लय इमानदार हाय!”

टोप्यांखाली कुणीतरी खुदकन हसलं.

“मी दोन्ही नावं टाकते,” ताई म्हणाल्या. “किती वेळा सांगू?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं, चल अशा अर्थानं. मी उठले, पण दाराकडे गेले नाही. शीतगृहाच्या मशीनचा आवाज मोठा होता, त्यामुळे मला कधी नव्हे इतकं जोरात बोलावं लागलं.

“दादा, ताईंनी दोन्ही नावं बरोबर भरली होती. यांचं नाव आमच्या प्रोग्रामनं कापलं. चूक आमची आहे. ताईंना काढू नका.”