स्टीलच्या गिलासातली रेड एल

बिअर कशी चाखायची याचा महिनाभराचा कोर्स मी पुण्यात केला आहे. म्हणून तिथं रेड एल ही तांबूस बिअर बनवणाऱ्या मित्रानं नव्या बाटल्या माझ्या मतासाठी दिल्या आणि सौसरजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत मी त्या मोठ्या ऐटीत उघडल्या.

त्या दुपारी पांढुर्ण्याहून एक माणूस झाडांवरच्या फळांचा बहार पाहायला आला होता. याच्या जिभेवर विश्वास ठेवून व्यापारी अख्खी बाग घेत. उन्हाकडचं फळ तो घेत नसे. सावलीतलं तोडायचा, साल हुंगायचा, एकच फोड खायचा आणि बिया तळहातावर घेऊन पाहत बसायचा.

मी काचेचा ग्लास उन्हात धरून तांबूस रंग निरखत होतो. त्याला स्टीलच्या गिलासात घोटभर दिली. त्यानं ती हुंगली आणि डोळे मिटून जिभेवर ठेवली.

"कॅरमल लागतंय ना?" मी विचारलं.

"धान्य भाजताना आच जास्त झाली, भाऊ. मागून कडू येऊन राहिलं," तो म्हणाला. "तुम्ही चव घेऊन नाही राहिले, नाव शोधून राहिले."

मला त्याचा हेवा वाटला. तो गेल्यावर मित्राला फोन करून मी ते मत माझं म्हणून सांगितलं.

मित्र म्हणाला, "या वेळी जव मीच भाजले, थोडे करपले. पण हे तुला कळणार नाही. कोण होतं सोबत? नाव सांग."

"एकटाच होतो," मी म्हणालो.

त्या माणसानं आल्याआल्याच नाव सांगितलं होतं. तुम्हालाही मी ते सांगणार नाही.