क्रॉप केलेला फोटो

माझी सबंध नोकरी कोरेगावच्या एका शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेली. ‘क्रॉप’ म्हणजे पीक, हे मी कितीतरी पोरांकडून घोकून घेतलं. शब्दकोशात त्याची जुनी हकिगत सापडली तेव्हा मला कोण आनंद झाला होता. मुळात क्रॉप म्हणजे रोपाचा शेंडा, कणीस. मग तो शेंडा खुडणं. मग खुडून घरी आणलेलं सगळंच. केस बारीक कापले तरी क्रॉप, मेंढीचे कान कातरले तरी क्रॉप. आमच्याकडे उसाचं वाढं, म्हणजे हिरवा शेंडा, छाटून वैरणीला नेतात, त्यामुळे पोरांना ते चटकन कळायचं. फोटोही क्रॉप करतात, हे मात्र मला माझ्या भावाने शिकवलं.

भाऊ फौजेतून निवृत्त होऊन गावी आला होता. वडील गेल्यावर त्याने मला विचारलं, उसाच्या रानातला वाटा सोडतेस ना? विचारलं कसलं, गृहीतच धरलं. मी नाही म्हणाले. दिल्या घरी सुखी राहा म्हणतात, त्याचा खरा अर्थ इकडे फिरकू नकोस असा आहे, हे मला त्या दिवशी समजलं. आमचं बोलणं बंद झालं.

आई मात्र माझ्याकडे येत राहिली. एकदा तिला औंधला यमाईच्या दर्शनाला नेलं आणि पायऱ्यांवर आमच्या दोघींचा फोटो काढून घेतला. माझा हात तिच्या खांद्यावर, आणि ती मनापासून हसतेय. बाकी सगळ्या फोटोंत ती पोलिसासमोर उभी केल्यासारखी दिसते.

आई गेली तेव्हा भावाने फोन करून तोच फोटो मागितला. मला बरं वाटलं, मी लगेच पाठवला. दोन दिवसांत गावच्या एसटी स्टँडवर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. आई एकटीच हसत होती. खाली शोकाकुल म्हणून भाऊ, भावजय, नातवंडं, पार चुलत भावकीसुद्धा. मी नव्हते. फक्त आईच्या खांद्यावर माझी चार बोटं राहिली होती, अंगठीसकट. शेजारच्या म्हातारीने ती अंगठी ओळखली आणि ही बोटं तुझीच ना, असं सगळ्यांदेखत मला विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी भावाला जाब विचारला. तो खाली बघत म्हणाला, “क्रॉप करताना ऱ्हायलं, आक्का. पुढच्या येळंला नीट करतो.”

त्या बोलण्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला. पाठचा भाऊ आहे, चूक उमगली असेल, असं वर्षभर स्वतःला समजावत राहिले.

वर्षश्राद्धाला गेले तर स्टँडवर नवा फ्लेक्स होता, पहिल्यापेक्षा मोठा. फौजी माणूस, त्याने शब्द पाळला होता. माझी बोटं कुठेच नव्हती. ती काढायची म्हणून त्याने आईचा खांदाच कापला होता. लहानपणी जत्रेत पाय दुखले की ती त्याला त्याच खांद्यावर घ्यायची.