खुर्च्या मोजणारी माणसं

ऑफिसात काम करणाऱ्याकडे किस्से जमतातच, पण निवडणुकीच्या ड्युटीत ते जितक्या झपाट्याने जमतात तितके कुठेच नाही. सहा आठवडे अनोळखी माणसं एका खोलीत कोंडायची, आणि निकाल लागला की जो तो आपापल्या खात्यात परत. माझ्याकडे राहिलेल्या किश्श्यांपैकी दोन-तीन हसण्यासारखे आहेत. बाकीचे मी घरी एकटी असताना आठवत बसत नाही.

मी कृषी खात्यात अकाउंटंट. ड्युटीची पत्रं निघाली की अर्ध्या रायपूरचं ब्लडप्रेशर वाढतं, मेडिकल सर्टिफिकेटं निघतात, कोणाची तरी कंबर हमखास धरते. माझं सर्टिफिकेट नामंजूर झालं आणि मी एकवीस नंबरच्या खोलीत व्हिडिओ बघायला बसले. उमेदवाराच्या प्रत्येक सभेचं सरकारी शूटिंग होतं. आम्ही ते बघून खुर्च्या, कूलर, हार, गाड्या मोजायच्या. प्रत्येक वस्तूचा रेट ठरलेला. तो खर्च आमच्या रजिस्टरात चढतो आणि उमेदवाराने दिलेल्या हिशोबाशी ताडला जातो. मर्यादा ओलांडली की नोटीस.

खोलीत आम्ही तिघं. मी, आमच्या इन्चार्ज मॅडम, आणि पाटबंधारे खात्यातले मेश्रामजी. मेश्रामजींबद्दल पहिल्याच दिवशी कळलं की त्यांनी ही ड्युटी स्वतः अर्ज करून मागून घेतली आहे. तीही लागोपाठ दुसऱ्या निवडणुकीत! मॅडम मला हळूच म्हणाल्या, "माणूस चांगला आहे, पण जरा सांभाळून."

*

पहिला किस्सा खुर्च्यांचा. एका उमेदवाराच्या माणसाने लिहून दिलं की आमच्या सभेत लोक सतरंजीवर बसले होते. आम्ही व्हिडिओ लावला. सतराशे खुर्च्या! तो शांतपणे म्हणाला, "मॅडमजी, ये हमारी नहीं है. एक दिन पहले दूसरी पार्टी की सभा थी, उनकी पड़ी रह गई."

आम्ही आदल्या दिवशीचा, दुसऱ्या पार्टीचा व्हिडिओ काढला. खुर्च्या खरंच त्याच होत्या. एका खुर्चीच्या मोडक्या हाताला पिवळी चिकटपट्टी होती, ती दोन्हीकडे दिसली. मग मेश्रामजींनी दोन्ही व्हिडिओ शेजारी-शेजारी लावले. माणसंही तीच होती. त्याच रांगेत, त्याच जागी. फक्त गळ्यातले गमछे बदललेले. एक म्हातारी दोन्ही सभांत एकाच पद्धतीने डोकं डावीकडे कलवून टाळ्या वाजवत होती.

मी मॅडमना विचारलं, या लोकांचा खर्च कुठे दाखवायचा? त्यांनी रेटची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. समोसा होता, झेंडूचा हार होता, ढोलवाला होता.

"माणसाचा रेट यादीत नाहीये," त्या म्हणाल्या. आम्ही खुर्च्या लिहिल्या आणि कॅमेऱ्याचं पुढचं कार्ड लावलं.

*

शूटिंग करायचे साहू भैया. आरंगकडचा माणूस, कॅमेरा खांद्यावर आणि तोंडात गुटखा. एकदा त्यांनी जे फुटेज आणलं त्यात सभाच नव्हती. नेत्याचं हेलिकॉप्टर आलं नाही, लोक उठून गेले, आणि भर दुपारी रिकाम्या मैदानात रिकाम्या खुर्च्या तेवढ्या उरल्या. पण हेडफोन लावला तर टाळ्या ऐकू येत होत्या. बारा मिनिटं, थांबून थांबून, कोणी तरी भाषण करत असावं तशा.

मी म्हटलं, रेकॉर्डिंग वाजवत असतील, साऊंड सिस्टिमचा खर्च लावू. साहू भैयांनी मान हलवली.

"दीदी, साउंड वाला तो जा चुका था. जनरेटर भी ले गया."

मॅडमनी त्यांना पाणी दिलं आणि साऊंडच्या खर्चाच्या रकान्यात शून्य लिहायला सांगितलं. मेश्रामजींनी मात्र ते फुटेज पुन्हा लावून घेतलं. त्यांना आवाजात रस नव्हता. ते एकेक रांग थांबवून थांबवून खुर्च्या पाहत होते. सगळ्या रिकाम्या आहेत याची खात्री झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

*

त्या दिवशी चहा पिताना मी विचारलंच, "मेश्रामजी, तुम्ही काय शोधता?"

त्यांनी पाकिटातून फोटो काढला. मोठा भाऊ, धनराज. सिलतऱ्याच्या एका कारखान्यात होता. नऊ वर्षांपूर्वी सकाळच्या पाळीला म्हणून डबा घेऊन निघाला, तो कारखान्यात पोचलाच नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला. आता घरी मेश्रामजी आणि आई, दोघंच. आईचं वय ऐंशीच्या पुढे. तिला एवढंच हवं होतं, आपला मोठा मुलगा आहे की नाही हे डोळे मिटायच्या आत कळावं.

"मागच्याच्या मागच्या निवडणुकीत मी असाच मोजून राहिलो होतो, ताई. तिसऱ्या रांगेत काठावर धनराज. निळा शर्ट. निघताना घातला होता तोच."

ते तसेच उठून भनपुरीच्या त्या मैदानावर गेले होते. सभा होऊन दोन दिवस झालेले. तिथे मांडवाच्या खांबांचे, बल्ल्यांचे, खड्डे राहिले होते. त्याच्या पुढच्या निवडणुकीतही तसंच झालं. आमच्याकडे माणूस दिसतो तो दोन दिवसांपूर्वीचा.

मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. कारण फोटोतला माणूस मीही कुठल्या तरी सभेच्या व्हिडिओत पाहिला होता.

*

मतदार यादी साफ करायची मोहीम निघाली तेव्हाची गोष्ट त्यांनीच सांगितली. घरोघरी फिरणारी बाई त्यांच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, आली. गैरहजर माणसाचं नाव कापायचं, फॉर्मवर घरच्यांची सही पाहिजे. मेश्रामजींनी पेन हातात घेतलं होतं. आईने हात धरला. नाव गेलं तर पोट्टा कोणत्या पत्त्यावर येईल, हा तिचा प्रश्न होता.

एवढ्यात शेजारचा पोलिंग एजंट आपली जुनी यादी घेऊन आला. बूथवर बसून, मत पडलं की हे लोक नावापुढे खूण करतात. धनराजच्या नावापुढे खूण होती. त्याच्या आधीच्या यादीतही होती.

आम्ही सगळ्यांनी एकच म्हटलं, बोगस मतदान. यादीत मेलेली माणसं मत देतात, हे काही नवीन नाही, यासाठी तर सुधारणा चालल्या आहेत. मेश्रामजींनीही आईला तसंच समजावलं.

"काहून बोगस?" आई म्हणाली होती. "मत देऊन गेला ना तो."

सही झाली नाही.

*

भनपुरीत एक ठेकेदार सगळ्या पार्ट्यांना गर्दी पुरवतो, हे साहू भैयांना माहीत होतं. त्याचं नाव मी सांगत नाही. ट्रान्सपोर्टच्या गाळ्यात त्याचं ऑफिस. मेश्रामजींबरोबर साहू भैया गेले आणि परत येऊन दारातच उभे राहिले.

ठेकेदाराने फोटो लगेच ओळखला होता. "हव, ये तो हर मीटिंग में आथे," म्हणाला. गाडीत बसत नाही, थेट मैदानावर दिसतो. काठावर बसतो. सभा संपल्यावर सगळे पैशाला लाइन लावतात, तेव्हा हा नसतो. सुरुवातीला ठेकेदाराला वाटलं विसरला असेल. मग त्याने विचार करणं सोडलं.

"इतने साल में एक यही आदमी है जो फोकट में भाषण सुनता है," एवढं म्हणून तो हसला होता. साहू भैयांना ते हसणं आवडलं नव्हतं.

*

आता शेवटचा.

प्रचार संपायच्या दिवशी भनपुरीत दुपारची मोठी सभा होती. मेश्रामजींनी मॅडमकडून परवानगी घेतली आणि साहू भैयांबरोबर स्वतः गेले. या वेळी दोन दिवसांनी नाही, सभा चालू असतानाच तिथे असायचं. तिसऱ्या रांगेच्या काठाजवळ बसले. त्यांनी तीन तास मान वळवून वळवून मागची रांग, पुढची रांग, बल्ल्यांआड उभे असलेले, पाण्याच्या टँकरजवळचे, एकेक चेहरा पाहिला. धनराज आला नाही.

दुसऱ्या दिवशी ते खोलीत आले तेव्हा आवाज बसला होता. पुढच्या वेळी ड्युटी मागणार नाही, म्हणाले. आईलाही आज सांगून टाकतो. मग खुर्ची ओढून बसले, कारण मोजणी बाकी होती. या वेळी साहू भैया कार्ड सकाळीच घेऊन आले होते, ते मी लावलं.

अकराव्या मिनिटाला कॅमेरा तिसऱ्या रांगेवर आला. मेश्रामजी बसलेले दिसले, उजवीकडे मान वळवून गर्दीत शोधत. त्यांच्या डावीकडे, अगदी काठाच्या खुर्चीवर, निळ्या शर्टातला माणूस. तो स्टेजकडे बघत नव्हता. तो मेश्रामजींकडे बघत होता.

कॅमेरा चार वेळा तिथे आला. चारही वेळा मेश्रामजी पुढे, मागे, उजवीकडे बघतायत, आणि तो त्यांच्याकडे. शेवटच्या वेळी त्याचा हात मेश्रामजींच्या खुर्चीच्या पाठीवर होता.

साहू भैया भिंतीला टेकले. "दीदी, मैंने वो कुर्सी खाली देखी थी. अपनी आंख से." मॅडमनी पुढे होऊन चित्र थांबवलं.

मेश्रामजी रडले नाहीत. त्यांनी मोबाइल काढला, घरी फोन लावला आणि आईला ऐकू कमी येतं म्हणून स्पीकरवर टाकला.

"आई, धनराज दिसला. काल माझ्या बाजूलेच बसला होता. मले समजलं नाही, आई."

पलीकडून भांड्याचा आवाज आला. मग आई, अगदी नेहमीच्या आवाजात.

"मले काय सांगतं? तू ऑफिसले निघाला अन् तो आला. आता जेवून राहिला."