दोन्ही काठांचं मत

पुण्याहून येणारे ते सरकारी साहेब निघोज्याच्या चावडीत बसले की चहा येईपर्यंत लोकशाहीवर बोलत. बोलताना पँटला लावलेली सायकलची क्लिप काढत आणि पुन्हा लावत.

नदीवरचा जुना पूल दोन गावांच्या भांडणात बाभळीच्या काट्या टाकून बंद झाला होता. तो उघडायचा का, हे साहेबांनी दोन्ही काठांना विचारायचं होतं. माझी बहीण पलीकडे दिलेली. तिला भेटायचं तर आळंदीवरून वळसा पडे.

"उघडा की साहेब, आमची ना न्हाई," पाटील म्हणाले. पलीकडचेही तेच म्हणाले होते. काम फत्ते! पण साहेबांना मतं घ्यायची भारी हौस.

"छान! मग नारळ फोडायचा मान कुणाचा?"

झालं. पाटील ताडकन उठले, "आमचाच! दुसऱ्या कुनाचा?" साहेबांनी तोच प्रश्न पलीकडे नेला आणि तेच उत्तर परत आणलं.

"बघा, किती खोल मतभेद होते! विचारलं म्हणून कळलं," ते समाधानाने म्हणाले.

पूल बंदच राहिला. साहेबांना मात्र पलीकडे जायचं होतं, ऊन फार होतं आणि वळसा लांबचा. त्यांनी काट्या बाजूला सारल्या, सायकल पुलावर घेतली आणि मागे वळून काट्या होत्या तशा नीट लावल्या.

पलीकडच्या टोकाला माझी बहीण माझ्याकडे बघत उभी होती. साहेब तिच्यापाशी थांबले. त्यांचा आवाज पाण्यावरून स्पष्ट आला, "बाई, या पुलाबद्दल तुमचं मत काय?"