उशीसारखी रायफल

"खलास! पुन्हा अडकली!" चाचा एवढ्यानं ओरडले की आखातातल्या आमच्या झल्लाकच्या समुद्रातले मासे व्हिसाशिवाय सौदीला पोचले असतील. "मेल्या, अकराला मॅच! आणि तुझी रायफल दर दुसऱ्या गोळीला रुसून बसते!"

चाचा रत्नागिरीचे, आमच्या शूटिंग क्लबचे रेंज इन्चार्ज. मी तिथला हत्यारं दुरुस्त करणारा, पण अजून ट्रायलवर. आधी एसी दुरुस्त करायचो. "मॅचमध्ये अडली, तर उद्यापासून पुन्हा एसी," हे चाचांनी चहाबरोबरच वाढलं होतं.

चूक माझीच, पण मोठ्या मनाची. क्लबची ही आखूड नळीची रायफल खेचरासारखी लाथ मारायची आणि तीच घेऊन मॅच खेळणाऱ्या जुफैरच्या डेंटिस्ट मॅडमचा खांदा सुजायचा. गोळी सुटली की गॅस आतला बोल्ट, म्हणजे पुढेमागे सरकणारा लोखंडी तुकडा, मागे फेकतो. खांद्याला टेकणाऱ्या दस्त्यातलं बफर नावाचं वजनदार नळकांडं त्याला आवरतं. म्हणून मी कपाटातला सगळ्यांत जड बफर टाकला. असा जड, की टेबल कण्हलं. वर मॅडमना सांगून बसलो, "आता उशीवर डोकं टेकल्यासारखं वाटेल."

तपासली मात्र जोरकस गोळ्यांवर. मॅचला क्लब देतो सरावाच्या मवाळ गोळ्या. त्यांना तो बफर रेटेना. बोल्ट अर्ध्यातून परतायचा आणि गोळीची रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या दारातच चेंगरायची.

"चाचा, दहा मिनिटं! मागच्या जन्मी मी स्प्रिंग होतो."

"या जन्मी माणूस हो. यल्ला, आटप!"

एक पायरी हलका बफर टाकला. पुंगळी माझ्याच बुटावर पडली. आणखी एक पायरी उतरलो. आता ती ऐटीत हातभर लांब उडाली. मग खरी परीक्षा. मॅगझिनमध्ये एकच मवाळ गोळी भरायची, आणि ती सुटल्यावर बोल्ट मागे उघडा राहायला हवा, म्हणजे तो पुरता मागे जातोय. राहिला. पाच वेळा केलं, पाचही वेळा राहिला. सहाव्यांदा चाचांनी स्वतः करून पाहिलं आणि ओरडायचे थांबले. माझ्या आठवणीत हे एकदाच घडलंय.

मॅचमध्ये रायफल एकदाही अडली नाही. मी छाती काढून दारात उभा. मॅडम बाहेर आल्या.

"काय मॅडम, उशी की नाही?"

"खांदा दुखतोय," त्या म्हणाल्या. "पण चालली."